काळ्या काचेचा गॉगल

चहा निवतोय, घ्या, तोवर सांगतो. गेल्या महिन्यात चाकणला गॉगल घ्यायला गेलो होतो. दुकानदार रफीकभाई ओळखीचे. त्यांनी पांढऱ्या काचेचा काढला आन् म्हणाले, "चाचा, मोटरसायकलवर हाच बरा. धूळ अडते, आन् अंधारलं तरी दिसतं."

मी म्हणालो, "न्हाई भाऊ, काळाच द्या. बाहेरून डोळं दिसाया नकोत."

"ह्या वयात कुणापासून लपताय?" ते हसायला लागले.

मग सांगावंच लागलं. माझा पोरगा गेला, त्याच्या जागी कंपनीनं सुनेला घेतलं. तिला रोज सकाळी महाळुंग्याला मीच सोडतो, त्याच्याच गाडीवर. कंपनीचं गेट जवळ आलं की माझे डोळे भरतात, आन् मागं बसून ती आरशात बघते.

रफीकभाईंनी पांढऱ्या काचेचा परत खोक्यात ठेवला. सगळ्यात काळा गॉगल त्यांनी आपल्या हातानं माझ्या डोळ्यांवर चढवला.

दुसऱ्या दिवशी सून गेटवर उतरली. माझ्या गॉगलकडं बराच वेळ बघत राहिली. मग ओढणीनं तोंड पुसलं आन् म्हणाली, "आबा, मलाबी असलाच एक आणा."