बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं

घ्या की हो! बघा, कुणी हात लावत नाही! त्या डब्याकडे असे बघताय जणू आत नाग वेटोळं घालून बसलाय... अहो, खरीखुरी बिस्किटं आहेत! फिक्री मास्तर, तुम्ही तरी उघडा. नाही? बरं, मीच उघडतो. हे बघा. आता तरी तोंड मिटा!

तुमचाही दोष नाही म्हणा. निळा, गोल, पत्र्याचा डबा, झाकणावर बिस्किटांचं चित्र, आणि आत काय असतं? सुया, दोरे, बटणं आणि माप घ्यायची टेप. आपल्या मन्सुऱ्यात जन्मलेल्या प्रत्येक पोराला दोन धक्के सोसावे लागतात. पहिला सुंतेचा, दुसरा हा डबा उघडल्याचा. आणि पहिला निदान विसरता तरी येतो!

पण आज या डब्यात बिस्किटं आहेत. कशी आली ते सांगतो, तुम्ही तोवर खा. अहो खा हो, लाजता काय! चहा येईपर्यंत गोष्ट संपेल. आमच्याकडे चहा यायला उशीर होतो... जरा हळू बोलतो, दोघी आत आहेत.

तर तुम्हाला सांगतो, आमची इन्शिराह. लग्न झालं तेव्हा तिच्या तोंडातून पहिला शब्द कोणता निघाला? 'अहो'? छे! मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका मी खिडकीतून भिरकावणार, तेवढ्यात माझा हात धरला नि म्हणाली, "असू दे, लागेल!" झालं. तेव्हापासून या घरातून बाहेर गेला तो फक्त कचऱ्याचा वास. कचरा नाही!

आता तुम्ही बसलाय कशावर? नाही, उठू नका, उठू नका! मास्तर, तुम्ही फ्रिजवर बसलाय. आपला जुना फ्रिज! भर उन्हाळ्यात त्यानं प्राण सोडला. खाली भंगारवाला गाढवगाडी घेऊन बोंबलतोय, मी फ्रिजला मिठी मारून दारापर्यंत ओढत आणलाय, घाम असा की जणू मीच वितळतोय... आणि ही कमरेवर हात ठेवून उभी. "असू दे, लागेल!" अहो बाई, मेलाय तो! "मेला तर मेला, आडवा करा." आडवा केला. दार वर. खटका काढला, कुणाचं पोर आत अडकू नये म्हणून. आत हिवाळ्याच्या रजया, वर गादी, गादीवर जुन्या पडद्याचं आवरण. झाला सोफा! आता सांगा, शहरात दुसऱ्या कुणाच्या सोफ्याला आतून दिव्याची जागा आहे?

हसा, हसा. पण मनातून कबूल करा, बाईचं डोकं चालतं! गच्चीत बघा, कपडे धुवायच्या यंत्राचं पोट टांगलंय, त्याला भोकं भोकं, आत कांदे-बटाटे, हवा खेळती, एक सडेल तर शपथ. तिचे फाटके लांब मोजे बघा, त्यात लसूण, एका गाठीवर दुसरी गाठ. एक गड्डा हवा, एक गाठ कापा. आमच्या पोराच्या, वजदीच्या, पाळण्याचा कठडा भिंतीला ठोकलाय, त्यात पातेल्यांची झाकणं शाळेतल्या पोरांसारखी रांगेत. कॉफीच्या बाटल्यांची झाकणं फळीला खालून खिळ्यांनी मारलीत नि बाटल्या त्यांत फिरवून लटकवल्यात. जिरं, धने, सुमाक सगळे वटवाघळांसारखे उलटे! आणि माझा जुना झगा? त्याच्या दोन बाह्या कापून खिळ्याला लावल्यात, वरून पिशव्या कोंबायच्या, खालून ओढायच्या. माझ्या उजव्या बाहीतून मोठ्या पिशव्या निघतात, डावीतून लहान. मी आयुष्यभर कुणाला काही दिलं नाही, माझी बाही देते!

आणि डबे. डब्यांची तर गोष्टच वेगळी. दुधाच्या भुकटीच्या डब्यात साखर. हलव्याच्या डब्यात चहा. चहाच्या डब्यात मेंदी. साखरेच्या डब्यात, देवा माफ कर, उंदरांसाठी आणलेली ती विषाची पुडी. तुम्हाला वाटेल गोंधळ. गोंधळ नाही हो! मध्यरात्री दिवे गेले तरी हिचा हात बरोबर जिऱ्याच्या मानेवर पडतो. घरात हरवतो तो एकटा मी.

आता आमच्या वजदीचं लग्न. पोरगा चांगला, पंखे-रेडिओ दुरुस्त करतो, केस मागे सरकायला लागले तरी लग्न नाही. का? तर राहायला घर नाही. आणि जीव जडला कुठे? दुमियातच्या रबाबवर. दुमियात! अहो, तिकडची माणसं सुताराचा भुसासुद्धा घरी नेतात. म्हणतात, यात झाड होतं! तुम्ही तिकडचे ना, शलबी? मग रागावू नका, खा बिस्कीट, फुकट आहे.

रबाबची आई, इनायातबाई. त्यांनी निरोप धाडला, "वेगळं घर नसलं तरी चालेल, आमची पोर सासू-सासऱ्यांत राहील. पण तिला एक अख्खी खोली हवी, आणि घर कसं आहे ते मी डोळ्यांनी बघणार. पटलं तर तिथंच फातिहा वाचून पक्कं करू. नाही पटलं तर चहाबद्दल आभार."

खोली! आमच्याकडे खोली म्हणजे एक ती अडगळीची, जिचं दार उघडलं की आतलं सामान दार लावून घ्यायचं. मी म्हटलं, आता तरी भंगारवाला. वजदी म्हणाला, "आई, माझ्यासाठी." आणि त्या माउलीनं काय केलं सांगू? खोली रिकामी केली, टाकलं काहीच नाही! आंब्यांचे खजुरीच्या काड्यांचे करंडे पलंगाखाली गेले, त्यात जोडे. जुन्या शिडीची मांडणी झाली. तुपाच्या मोठ्या डब्यांत पुदिना उगवला. ते सगळं गेलं कुठे, मला अजून कळलं नाही. पण खोली अशी मोकळी की वजदी आत जाऊन नुसता उभा राहिला. टाळी वाजवली त्यानं, आवाज घुमला. त्याचे डोळे भरले. माझेही. धुळीनं.

इथवर सगळं गोड. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. जन्मभर नाइलच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडली. मन्सूरा ते तल्खा, तल्खा ते मन्सूरा, प्रवास प्रचंड, पोचलो कुठेच नाही. बोट नदीच्या मधोमध आली की ओरडायचो, "ज्यांनी तिकीट काढलं नाही त्यांनी उतरा!" थट्टेचा हा किडा म्हणजे जित्याची खोड.

पाहुणे यायच्या दिवशी इन्शिराह बहिणीकडे चांगले पेले आणायला गेली. घरात मी एकटा. समोर डबे. शाळा माझी चौथीत संपली, पण चित्रं कळतात ना! मनात आलं, एकदा, आयुष्यात एकदाच, बघू तर... साखरेचा डबा घासूनपुसून त्यात साखर घातली. चहाच्या डब्यात चहा. दुधाच्या डब्यात दुधाची भुकटी. खाली जाऊन हलवा नि बिस्किटं आणली, हलव्याच्या डब्यात हलवा नि बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं! सुया-दोरे शिवणयंत्राच्या खणात. आणि मागे सरून बघतो तर काय, सगळे डबे खरं बोलतायत! मला तर हसू आवरेना. आता ही येणार, डबा उघडणार, आणि तिचा चेहरा...

पण ती आली तीच पाहुण्यांबरोबर! जिन्यातच गाठ पडली. चेहरा बघायला वेळ कुठे? इनायातबाई आत आल्या. तागडीसारखी बाई हो, डाव्या डोळ्यानं घर तोलते, उजव्या डोळ्यानं माणूस. मागे त्यांचे यजमान, उस्ता बय्यूमी, सुतार. बिचारा न बोलणारा, फक्त गोड दिसलं की हसणारा. रबाब खाली मान घालून. वजदी नवा सदरा घालून, त्याची घडी मोडू नये म्हणून श्वासच घेत नाही.

बाई या फ्रिजवरच बसल्या, जिथं मास्तर बसलेत. रिकामी खोली बघून आल्या होत्या, ओठांवर जरासं हसू होतं. वजदीनं श्वास घेतला.

मग इन्शिराह चहाला गेली. हात सवयीनं हलव्याच्या डब्यात. निघाला काय? हलवा! शोधून शोधून चहा सापडला, उकळला, आणि साखरेसाठी दुधाच्या डब्यात चमचा घातला, बघायची गरजच काय, हात ओळखतो ना. घातली साखर म्हणून दुधाची भुकटी! चहा पांढरा, गुठळ्या तरंगतायत, आणि आतून तिचा आवाज, "या अल्लाह! घरात जिन शिरलाय!"

"मी मदत करते, उम्म वजदी," असं वजदीच्या आईला म्हणत इनायातबाई आत. मी दाराशी. बाईंनी साखरेचा डबा उघडला. साखर. भुवया चढल्या. चहाचा उघडला. चहा. ओठ आवळले. मग तो निळा गोल डबा घेतला, हलवून पाहिला, कानाशी नेला, झाकण काढलं... आणि तुम्हाला सांगतो, भूत बघितलं तर माणूस किंचाळतो तरी. या बाईनं झाकण हळूच परत लावलं!

बाहेर आल्या. डोक्यावरचा रुमाल सावरला. "उठा हो," नवऱ्याला म्हणाल्या. "घर छान आहे. फार छान. आमच्या पोरीला झेपायचं नाही."

वजदीचा चेहरा असा पडला की मला खालून उचलावासा वाटला. इन्शिराह हात जोडून, "काय चुकलं, उम्म रबाब? आमच्या हातून काय कमी पडलं?"

"कमी? कमी कुठे, जास्तच आहे! बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं! म्हणजे डबा नवा. मग जुना कुठे गेला? टाकला! साखरेच्या डब्यात साखर, चहाच्या डब्यात चहा... दुकानातून आणायचं, खायचं, फेकायचं. उधळी माणसं! उद्या माझी पोर इथं एक डबा जपून ठेवेल आणि तुम्ही तो कचऱ्यात घालाल. अशा घरात बाईमाणसाचा जीव गुदमरतो!"

आता मला सांगा, ज्या बाईनं मेलेल्या फ्रिजला सोफा केला, तिला कुणी उधळी म्हणावं? इन्शिराहचं तोंड उघडलं ते मिटेचना. आणि मी? बोलायला हवं होतं, कळत होतं. पण मी दाराच्या चौकटीचा रंग नखानं खरवडत राहिलो हो. वजदी माझ्याकडे बघतोय. रबाबनं तर पहिल्यांदा मान वर केली, डोळ्यांत पाणी. मस्करीची कुस्करी म्हणतात ती डोळ्यांदेखत झाली होती.

तेवढ्यात... न बोलणारे बय्यूमी बोलले! स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना उघडा राहिलेला नवा फ्रिज दिसला होता, त्याचा बर्फाचा कप्पा दिसला होता. "आइस्क्रीमचा डबा आहे तिथं," ते म्हणाले. "जाता जाता एक चमचा..."

"बघा!" इनायातबाई कडाडल्या. "आइस्क्रीमसुद्धा!" तरातरा आत गेल्या, डबा बाहेर काढला, दणकन ओट्यावर आपटला, झाकण उपटलं...

भेंडी.

बोटाच्या पेराएवढी कोवळी भेंडी, देठं तासलेली, बर्फानं पांढरी. बाईंनी दुसरा आइस्क्रीमचा डबा काढला. चिरलेली मुलुखियाची पालेभाजी. तिसरा. कोंबडीचा रस्सा, वड्यावड्यांत गोठवलेला. तो कप्पा माझ्या ध्यानातच आला नव्हता हो! वाचलो, ते मी विसरलो म्हणून!

बाईंचा आवाज एकदम मऊ. "उम्म वजदी... हा डबा कधीचा?"

"वजदी शाळेत जायचा तेव्हाचा," इन्शिराह म्हणाली. मग हुंदका देत, "झाकण तडकलं होतं, मेण लावून सांधलं. म्हटलं असू दे, लागेल."

इनायातबाईंनी त्या सांध्यावरून बोट फिरवलं, असं, जसं आपण सोन्यावरून फिरवतो. मग त्यांची नजर वर गेली. उलट्या बाटल्या. भिंतीवरचा कठडा. मोज्यातला लसूण. माझी बाही. बाहेर येऊन त्यांनी गादी उचलली, दार उघडलं, रजया पाहिल्या, आणि जिथं आतापर्यंत बसल्या होत्या त्या फ्रिजवर हात ठेवून म्हणाल्या, "खटका काढलाय. शहाणी बाई!" बय्यूमींनी तर गुडघे टेकून बिजागरी तपासली. सुतार माणूस, त्यांना आइस्क्रीमही आठवेना.

"मग ती बिस्किटं?" बाईंनी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले. मी छताकडे बघत होतो. छत चांगलं आहे आमचं.

इन्शिराहनं मला काय म्हटलं ते इथं सांगत नाही, मास्तर बसलेत. पण इनायातबाई हसल्या हो! पहिल्यांदा. "हाज दसूकी," म्हणाल्या, "अशी बायको मिळाली आणि तुम्ही तिचं घर सुधारायला निघालात?" मी म्हटलं, "विहीणबाई, मला फक्त एकदा त्या डब्यातलं बिस्कीट खायचं होतं." खोटं वाटेल, पण ते खरं होतं. जन्मात पहिल्यांदा थट्टा करताना खरं बोललो.

तिथंच फातिहा वाचली. गुठळ्यांचा पांढरा चहा सगळ्यांनी प्यायला, सांडला नाही कुणी, टाकायचं नसतं ना! जाताना विहीणबाईंनी भेंडीचा डबा मागून नेला. आठवड्यात परत आला, रिकामा कसा येईल? दुमियातचं पांढरं चीज भरून! तेव्हापासून तो डबा दोन गावांत फिरतोय, माझ्यापेक्षा जास्त प्रवास झालाय त्याचा, आणि पोचतोसुद्धा.

तर रबाब सून म्हणून आली. गुणी पोर. रुखवताबरोबर तिनं हा डबा आणला, नवाकोरा, भरलेला. माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, हा तुमचा. यातली बिस्किटं फक्त तुमची." डोळ्यांत पाणी आलं हो! एक खाल्लं. मान वर केली, तर समोर दोघी उभ्या. सासू आणि सून. खांद्याला खांदा. सासूच्या हातात बटणं, सुनेच्या हातात दोरे.

"सावकाश खा हं, बाबा," सून म्हणते. आणि सासू म्हणते, "सावकाश कशाला? संपवा की! डबा लागेल!"

रोज विचारतात हो! सकाळी, "किती राहिली?" संध्याकाळी, "अजून संपली नाहीत?" तुम्हाला काय वाटलं, मी आज सगळ्यांना चहाला प्रेमानं बोलावलं?

खा, शलबी, अजून दोन घ्या. मास्तर, खिशात टाका... कागद मात्र परत द्या, लागेल.