सरकारनंच बोलावलं होतं

बंधूंनो, भगिनींनो, मागचे लोक पुढे या, जागा आहे. मला धड बोलता येणार नाही आज. खरं सांगतो, डोकं तापलं आहे.

आपली सुमनताई गेली. इथं आपल्या रांझीत फॅक्टरीच्या गेटसमोर तिची पोह्यांची गाडी. पहिल्या शिफ्टला जाताना मी नोकरीभर तिथंच खाल्लं. मग ते सरकारी ट्रेनिंग आलं. धंदा कसा करावा, हे शिकवणार! बॅनर, फोटो, समोसा. ग्राहकाशी हसून बोला, म्हणे. अरे, सुमनताईला हसायला शिकवता?

ट्रेनिंगच्या दिवशी गाडी घरी न नेता ती गेटवरच ठेवून निघाली. मी म्हटलं, "ताई, काहून ठेवून राहिली? उचलतील ना."

म्हणाली, "सरकारनंच बोलावलं भैया, सरकार कसं उचलेल?"

हॉलमध्ये मोबाइलवर पैसे घेणं शिकली. ते कामाचं होतं, नाही म्हणत नाही. पण तिनं एकच विचारलं, "सर, गाडी कुठं लावू? रोज हाकलतात."

सर म्हणाले, "अम्मा, ये हमारे विषय में नहीं आता."

मग तुमचा विषय काय होता हो? इकडे टाळ्या वाजून राहिल्या होत्या, तिकडे अतिक्रमणवाले तिची गाडी ट्रकात टाकून राहिले होते. बेवारस म्हणे! गाडी परत मिळालीच नाही. मग डोक्यावर पातेलं घेऊन फिरली बिचारी, भर उन्हात. छातीत दुखतं हे लेकीलाही सांगितलं नाही.

ट्रेनिंगनं मारलं, असं मी म्हणत नाही. पण किळस येते मला. किळस!

काल त्याच ट्रेनिंगवाल्या ऑफिसातून हार आला. सोबत निरोप, की लेकीचं नाव पुढच्या बॅचमध्ये घालतो. रूपा, बेटा, जायचं की नाही ते तू ठरव. शिकणं वाईट नाही. पण आईची जागा सोडू नको. माझ्या भावाची हातगाडी रिकामी आहे, उद्या सकाळी ती गेटवर लावू.

चला, सगळे उभे राहा. सुमनताईसाठी दोन मिनिटं शांत राहू. आणि उद्या त्या गाडीभोवतीही असेच उभे राहा. तिथं मात्र शांत राहू नका.

जय भीम.