बाग आपली आहे, आत येऊ नये

...आणि वर परत मलाच विचारतात, तुमचे वडील बाहेर उन्हात का बसतात म्हणून! मला विचारतात! टाळं मी लावलं होतं? चावी मी नेली होती गावाला? थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हालाही वाटेल, ह्या माणसाला घरात बाप जड झाला.

आमचं चारकोप म्हणजे तेव्हा नुसता चिखल हो, रस्ता कुठे संपतो नि गटार कुठे सुरू होतं कळायचं नाही, आणि त्यात आमच्या घरांच्या मधोमध एक मोकळी जागा, तिथे बदामाचं झाड होतंच, आम्ही माती टाकली, बाकडी आणली, भोवती गज नि एक गेट बसवलं, झाली बाग! आणि त्या बागेत सगळ्यात जास्त कोण बसायचं? आमचे नाना. नाना म्हणजे माझे वडील, गिरणीत साचाखात्यात, कापड विणायला होते, संप झाला, मग गेटला टाळं लागलं ते लागलंच. पण नानांची पाळी काही सुटली नाही! सकाळी सातला डबा घेऊन निघायचे ते थेट बदामाखालच्या बाकड्यावर, आणि तीनला घरी, हातपाय धुऊन चहा. पहिली पाळी! आम्ही हसायचो. पण तुम्हाला सांगतो, ते बाकडं नसतं ना, तर म्हातारा त्याच वर्षी गेला असता.

आता बाग म्हटली की पाणी आलं, माळी आला, वर्गणी तरी किती काढणार? म्हणून पालिकेकडे अनुदान मागितलं. तर तिथे ही मोठी चर्चा! एकदा पैसे दिले की माळी आमच्या गळ्यात, पाणी आमच्या गळ्यात, दिवे, कुंपण, सगळं कायमचं आमच्याच गळ्यात, तेव्हा लोक बाग वापरतात का ते आधी बघू म्हणाले, पावसाच्या आत साहेब येतील. आणि नाही वापरत असं ठरलं तर? तर रस्तेवाले टपलेलेच होते, त्यांना डांबराची पिंपं ठेवायला जागा हवी होती. नानांच्या बाकड्यावर डांबर!

आणि आमच्या सोसायटीचा अध्यक्ष कोण? गुणाजी! ह्याच्या घरी कपाटात काचेचे कप आहेत, लग्नात आलेले, त्यातून अजून कोणी चहा प्यायलेला नाही. सोफ्यावरचं प्लास्टिक निघालेलं नाही, पाहुणे आले की खाली चटई! साहेब येणार कळल्यावर हा छाती काढून म्हणतो, "बाग आपली आहे. चांगली दिसली पाहिजे." आणि केलं काय, तर नवी हिरवळ लावली नि गेटला टाळं ठोकलं! वर पाटी... 'बाग आपली आहे. आत येऊ नये.' मी म्हटलं, अरे, लोक आत येतात का तेच बघायला येतायत ना ते! तर म्हणतो कसा, "पाहुणे यायच्या आधी पुसलेल्या लादीवरनं नाचतोस का रे तू?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या हिनं पण! प्रेमा म्हणते, बरोबरच आहे की, गवत तुडवलं तर साहेबांना दाखवणार काय?

आणि नाना? सकाळी डबा घेऊन गेले, बघतात तर टाळं. पण परत नाही आले हो. गेटसमोर गटारावर फरशी आहे, तिच्यावर बसले, पाळी संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच. एप्रिलचं ऊन! मी हात धरून ओढायचो, घरी चला, तर नुसते त्या टाळ्याकडे बघत राहायचे. दुसऱ्यांदा हो... दुसऱ्यांदा गेट बंद झालं त्या माणसाच्या तोंडावर, आणि ह्या वेळी कुठल्या मालकानं नाही, आपल्याच माणसांनी केलं. मला भर रस्त्यात रडू आलं. आणि समोर पाटी काय? बाग आपली आहे!

मग मे महिन्यात, पुढच्या आठवड्यात यायचे ते साहेब अचानक आजच हजर, कारण म्हणे पालिकेची सभा आज संध्याकाळीच आहे, अनुदान द्यायचं की नाही ते आजच ठरणार. चावी कुणाकडे? गुणाजीकडे. आणि गुणाजी कुठे? देवगडला, आंबे उतरवायला! चावी कमरेच्या करगोट्याला बांधून गेला हो, हरवू नये म्हणून! साहेब गजांतून आत बघतायत, आत हिरवीगार हिरवळ, एक पाऊल उमटलेलं नाही, बाकडी चकचकीत. "इथे कोणी येत नाही वाटतं," म्हणाले आणि फाईल मिटायला लागले. प्रेमा पाटीसमोर जाऊन उभी राहिली, पदर पसरून! साहेबांनी मान वाकडी करून वाचलीच.

तेवढ्यात त्यांची नजर फरशीवर गेली. नाना, बाजूला डबा. साहेबांनी विचारलं, आजोबा, तुम्ही रोज बसता इथे? नाना उठून उभे राहिले, गिरणीत राहायचे तसे ताठ.

"रोज येतंय," म्हणाले. "गेट बंद आसला तरी येतंय. कधीतरी उघडतला."

साहेबांनी ते टाळं तेवढं हातात धरून बघितलं, फाईल परत उघडली आणि काहीतरी लिहून निघून गेले. रात्री निरोप आला, अनुदान मंजूर! अट एकच, दिवसा गेटला टाळं लावायचं नाही.

गुणाजी आला, गेट उघडलं, पालिकेचा माळी आला, नळ आला, पोरं हिरवळीवर लोळायला लागली, आणि नानांच्या बाकड्यावर कोण बसलंय? गुणाजी, इस्त्रीचा सदरा घालून! मी धावत नानांकडे, म्हटलं चला, आत चला, झालं तुमच्या मनासारखं. तर फरशीवरून हलेचनात!

"नको रे," म्हणाले, "हयसून गेटार नजर रवता. कोण परत टाळा घेवन इलो तर?"

आता बोला! माळी पालिकेचा, पाणी पालिकेचं, दिवे पालिकेचे, आणि राखणीला आमचा बाप, बिनपगारी, बाहेर, उन्हात! मी काय करणार? रविवारी छत्री घेऊन शेजारी उभा राहतो. बाग आपली आहे ना...