सहा चोवीसचा सोनचाफा

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे ज्येष्ठ विश्वस्त श्री. जयवंत परब सर, डिचोलीहून मुद्दाम आलेल्या, आणि आल्यापासून समोरच्या लाडवांकडे संशयाने पाहणाऱ्या प्रमुख पाहुण्या डॉ. शीतल, सभागृहातल्या माझ्या पेडणेकर बंधुभगिनींनो, आणि सोमवार, दिनांक १५ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी सहा वाजून चोवीस मिनिटांनी माझ्यावर अन्याय करणारे आजचे सत्कारमूर्ती, छायाचित्रकार श्री. सुदेश कोरगावकर, तुम्हा सर्वांना नमस्कार.

वेळ मी अंदाजाने सांगत नाही. सत्कारमूर्तींनी ती स्वतःच फोटोखालच्या पट्टीवर छापली आहे. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून काढल्यावर एवढं मला कळतं, की ज्या कागदावर तारीख आणि वेळ आहे तो कागद नाकारता येत नाही. म्हणून मीही काही नाकारणार नाही.

सत्कार सुदेशचा आहे, तर आधी सुदेशबद्दल चांगलं बोलते. तसं पत्रिकेत छापलंच आहे, ‘मंदाकिनीबाई चार शब्द बोलतील.’ चार शब्दांत माझं कधी भागलं आहे का?

सुदेशला मी लहानपणापासून पाहते. आधी तो लग्नांचे फोटो काढायचा. लग्नाचे फोटो काढणारा माणूस प्रत्येक लग्नात जेवतो, आणि वर्षाला ऐंशी लग्नं म्हणजे काय ते त्याच्या पोटाकडे पाहून कळत होतं. तेव्हा त्याचं वजन एकशे चार किलो होतं. मग डॉ. शीतल यांनी त्याला तपासलं आणि विचारलं, “कॅमेरा धरून तुम्हाला धाप लागते, की तुमच्या पोटाला धरून कॅमेऱ्याला?” हे मला सुदेशनेच सांगितलं आहे. डॉक्टरीणबाई मान खाली घालून हसताहेत, म्हणजे खरं असणार.

दुसऱ्या दिवसापासून हा पहाटे पळायला लागला. गळ्यात कॅमेरा तसाच. आणि पळता पळता त्याच्या लक्षात आलं, की आपण जो घाम गाळायला निघालो आहोत तो अर्धा गाव न ठरवता गाळतो आहे. माडावर चढणारा, काजूची बोंडं तुडवणारी, विहिरीचा दोर ओढणारी. त्यांचे दंड, त्यांच्या पोटऱ्या, त्यांच्या पाठी. त्याने ते फोटो काढले आणि मालिकेला नाव दिलं ‘घाम’. मी कलेतली जाणकार नाही, पण आमच्या बाबलीचा माडावरचा फोटो पाहून मी पाच मिनिटं उभी राहिले. बाबली माझे नारळ वीस वर्षं काढतो. त्याला पाठ आहे हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर सुदेशने हॉटेल काढलं. तेल कमी, साखर नाही, खोबरं चमचाभर. पेडण्यात, जिथे माणूस खोबऱ्याशिवाय नुसता खोकलाही काढत नाही, तिथे चमचाभर खोबरं! हॉटेलालाही तो ‘घाम’ हेच नाव देणार होता. मी म्हटलं, “अरे, लोक तिथे जेवणार आहेत.” तेव्हा कुठे ‘मूठभर’ झालं. नावाप्रमाणेच वाढतो, त्यात फसवणूक नाही. सुरुवातीला तुयेच्या कारखान्यातली कोल्हापूरची मुलं तिथे गेली. नाचण्याची भाकरी, कुळथाची पिठी, वाफवलेला बांगडा, सगळं संपवून त्यांच्यातला नितीन अगदी नम्रपणे म्हणाला, “दादा, चव लई भारी. आता जेवान कधी वाढताय?”

हसा, पण आता तीच मुलं आठवड्यातून तीनदा तिथे जेवतात, आणि नितीनचा शर्ट पुन्हा पँटीत खोचला जातो. सुदेशचं कौतुक मी मनापासून करते. चांगलं बोलून झालं. आता पंधरा सप्टेंबर.

माझं घर आणि चंद्रावतीबाईंचं घर यांच्यामध्ये चिऱ्यांचा गडगा आहे. गडग्याच्या पलीकडे त्यांचा सोनचाफा. त्याची एक फांदी माझ्या बाजूला येते, पण पुरती नाही. फुलं हाताला लागायची तर गडग्यावर चढावं लागतं, उजव्या पायावर उभं राहावं लागतं, डावा पाय मागे सोडून तोल सांभाळावा लागतो आणि हात वर ताणावा लागतो. हे सगळं मला कसं माहीत, असं तिसऱ्या रांगेत कुणाच्या मनात आलं असेल, तर उत्तर भिंतीवर टांगलेलं आहे. सात फूट बाय पाच फूट.

दसऱ्याला ‘मूठभर’चं उद्घाटन होतं. मला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी चंद्रावती. सुदेश म्हणाला, “माई, तुमच्यासाठी एक सरप्राइज आसा.” पडदा ओढला. मी! पदर खोचलेला, एका पायावर, हात आभाळाकडे, चेहऱ्यावर इतका आनंद की मला माझीच लाज वाटली. खाली नाव, ‘सत्तरीतला समतोल’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पणजीहून आलेल्या एका मुलीने विचारलं, मी हे आसन रोज किती वेळ करते. चंद्रावतीची सून गौरवी म्हणाली, “माई, पयलो पाय खंयचो?” आधी कुठला पाय उचलायचा, हे तिलाही शिकायचं होतं.

चंद्रावतीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती उठली, फोटोजवळ गेली, चष्मा लावला आणि माझ्या खोचलेल्या पदरातली फुलं मोजली. सात फुटी फोटोत एकेक चाफा बांगड्याएवढा दिसतो. अकरा निघाली. मग माझ्याकडे वळून तिने एवढंच म्हटलं, “फोटोत माकड बरां दिसता हां.”

माकड का, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन वर्षांमागे चंद्रावतीने महिला मंडळात तक्रार केली. “माजी फुलां कोण नेता तां माका एकदा कळाक होया.” तिचा संशय बाबलीवर होता, कारण तो तिच्या आवारात येतो-जातो. मंडळाने चौकशी नेमली. चौकशी कुणाकडे? कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या, इंग्रजी आणि मराठी दोन्ही शुद्ध लिहिणाऱ्या, निःपक्षपाती मंदाकिनीबाईंकडे. मी दोन पानी अहवाल दिला. बाबली पूर्णपणे निर्दोष, हे त्यात मी ठासून लिहिलं, आणि त्याबद्दल माझ्याइतकी खात्री दुसऱ्या कुणाला असणं शक्यच नव्हतं. दोष माकडांवर ठेवला. माकडं अपिलात जात नाहीत.

त्या अहवालावर विसंबून चंद्रावती दीड महिना रोज पहाटे पाच ते सहा डबा वाजवत बसली. आपल्यापैकी ज्यांची ज्यांची झोप त्यात गेली, त्यांची मी इथे जाहीर माफी मागते. मी सहा वाजून चोवीस मिनिटांनी जात होते.

तुम्ही विचाराल, बाई, मागितली असती तर तिने फुलं दिली नसती का? दिली असती. मूळ परवानगी तिचीच होती. सहा वर्षांमागे ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी डिचोलीला मुलीकडे राहिली, तेव्हा म्हणाली, “मंदा, माज्या देवाक फुलां घाल आनि तुज्या देवाकय घाल.” दोन महिन्यांनी ती परत आली. परवानगी मागे घेतल्याचं पत्र मला आजपर्यंत मिळालेलं नाही. कचेरीत असा कागद चालू समजतात. शिवाय दुसऱ्याच्या फुलांनी पूजा केली तर अर्धं पुण्य झाडाच्या मालकाला जातं, असं आपल्याकडे मानतात. म्हणजे सहा वर्षं रोज सकाळी चंद्रावती झोपेत असताना तिच्या नावावर पुण्य जमा करत होते मी.

हे सगळं मी स्वतःला रोज ऐकवत होते, आणि रोज मला ते पटत नव्हतं. म्हापशाच्या कॉन्व्हेंटात सिस्टर फिलोमिना सांगायच्या, देवासाठी घेतलेली वस्तूसुद्धा विचारूनच घ्यायची. आमच्या वर्गातल्या ख्रिश्चन मुली शनिवारी चर्चमध्ये जाऊन लाकडी जाळीपाशी गुडघे टेकायच्या, पाप सांगायच्या आणि हलक्या होऊन बाहेर यायच्या. मी बाहेर त्यांच्या चपला सांभाळत उभी. ती सोय मला नव्हती. आज आयोजकांनी माइक दिला आहे.

दसऱ्यापासून चंद्रावती माझ्याशी बोललेली नाही. आज एकशे आठ दिवस झाले. माळेचे मणी संपले, हिचा अबोला संपेना. एकावन्न वर्षांपासूनची शेजारीण आहे ती माझी. माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस तिच्या घरातून पेज आली, आणि आता गडग्यावरून नुसता तिचा खोकला येतो.

मी सुदेशकडे भांडायला गेले. म्हटलं, तुझ्या कलेपायी माझं घर बसलं. तो घाबरला. म्हणाला, “माई, फुलां पुसून टाकतंय. कंप्युटरार दोन मिनटाचा काम.” आणि खरंच त्याने तसा फोटो करून दाखवला. पदर रिकामा. फांदीही नाही. मी उभी, हात वर, आणि हातात काही नाही. सुदेश म्हणाला, “आता म्हणा, व्यायाम करीत हुतंय. कोण काय म्हणात?”

माझी सुटका होती ती. चंद्रावतीला मी सांगू शकले असते, की बाई गं, मूळ फोटो हाच, तो दुसरा या मुलाने नटवलेला. पण मी त्या पुसलेल्या फोटोतल्या म्हातारीकडे पाहिलं. ती इतकी का हसते आहे, काही केल्या कळेना. चाफा काढून टाकला आणि तिचं तोंड खुळ्यासारखं दिसायला लागलं. अध्यक्ष महाराज, चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरच्या फाइलीत कुणी पांढऱ्या शाईने खाडाखोड केली, तर मी त्याला साहेबासमोर उभा केला आहे. मी सुदेशला म्हटलं, “हा पुसून टाक. चोरीचा राहू दे.”

आणि त्याच चोरीच्या फोटोला मोठं बक्षीस मिळालं, म्हणून आज आपण इथे जमलो आहोत. सुदेश, अभिनंदन. पण पट्टी बदलावी लागेल. ‘समतोल’ हे खोटं आहे. मी मसुदा करून आणला आहे, वाचते. ‘श्रीमती चंद्रावती यांच्या मालकीच्या सोनचाफ्याची अकरा फुलं काढताना शेजारीण मंदाकिनी.’ त्यानंतर एक शब्द मी मोकळा ठेवला आहे. तिथे ‘परवानगीने’ येईल किंवा ‘विनापरवाना’ येईल. तो शब्द भरण्याचा अधिकार माझा नाही, सुदेशचाही नाही.

घाई यासाठी, की परवा बाबली माझ्याकडे आला आणि डोकं खाजवत म्हणाला, “माई, फुडल्या आयताराक कोयतो घेवन येवक सांगल्यान काकीन. तुमच्या वाटेची फांदी तोडूची आसा.” ज्याच्यावर आळ आला होता त्यालाच बोलावलं आहे. चंद्रावतीला न्यायाची जाण आहे, हे मी मान्य करते. बाबली, तू मागे उभा आहेस ना? तुझी माफी मी अहवालात मागायला हवी होती, ती आता मागते.

तर चंद्रावती, तू तिसऱ्या रांगेत बसली आहेस, गौरवीने तुला फराळाचं आमिष दाखवून आणलं आहे, हे मला ठाऊक आहे. फांदी तुझी आहे. तोडायची तर तोड, मी मध्ये येणार नाही. पण त्याआधी ‘परवानगीने’ की ‘विनापरवाना’, तेवढं मला कळव. ‘विनापरवाना’ लिहिलंस तरी मी ती पट्टी स्वतः स्टुलावर चढून लावीन, आणि सुदेशला त्याचाही फोटो काढू देईन.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं आहे. सुदेशला आयुष्य, आरोग्य आणि खोबऱ्याचा थोडा मोठा चमचा लाभो. आयोजकांनी मला बोलावण्याचं धाडस केलं, तुम्ही ऐकून घेतलं, सर्वांची ऋणी आहे. सत्काराच्या दिवशी स्वतःची फाइल उघडली, कुणाला शब्द लागला असेल, तर माझ्या वयाकडे पाहून पोटात घाला. मी...

काय? कोण बोललं? चंद्रावती, उभी राहून बोल, मागे ऐकू जात नाही.

“बस जाला गो मंदा, खाली उतर. चाय थंड जाता.”

ऐकलंत सगळ्यांनी? परब सर, इतिवृत्तात नोंद करून घ्या, एकशे आठव्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

उतरते, उतरते. पण चंद्रावतीबाई, तोंडी उत्तर मी ग्राह्य धरत नाही. शनिवार, दिनांक २४ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी पाहिजे. खाली सही, आणि सहीपुढे तारीख.