बाहेरून लावायची कडी

—हो, आज बरं आहे, वारा तरी आहे. त्या दिवशी पान हलत नव्हतं. ऊन असं, की दाराच्या मुठीला हात लावला तर चटका बसावा, आणि त्यात वीज गेलेली — नाही, ही नको, ही पत्र्याची आहे, जरा जड दाखवा, लोखंडी. दार आतल्या खोलीचंच आहे, पण कडी बाहेरून लावायचीय. बाहेरून, हो. हसू नका, जन्मभर सुतारकी केली, आत-बाहेर कळतं मला.

तर काय सांगत होतो — आमची ही. शेवटी शेवटी तिला घर ओळखू येईना, चपला न घालता रस्त्यावर निघून जायची, म्हणून मुलगा म्हणाला, बाबा, तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवा. बसवली. दोन इंची स्क्रू पिळले, चौकटीत पार आतपर्यंत. आपलं काम लेचंपेचं नसतं. त्या दिवशी मी कामावर, मुलगा-सून कुणाकडे तरी जेवायला, खिडकी बंद, पंखा बंद. संध्याकाळी दार उघडलं तर ही दाराशीच बसलेली, टेकून. मला वाटलं, झोपली. कडी मात्र जागची हलली नव्हती हो, केसभरसुद्धा नाही.

मुलगा शिकलेला, रडलाबिडला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, इट वॉज मेन्ट टू बी." म्हणजे काय? तर हे असंच व्हायचं ठरलेलं होतं, कुणाचा दोष नाही — त्यानंच समजावलं. केवढंसं वाक्य, आणि घरातले सगळे सुटले बघा. मी पाठच करून टाकलं. भेटायला येईल त्याला ऐकवायचो, लोक मान हलवायचे.

आता परवा मी शेगडी चालू ठेवून विसरलो. मुलगा रागावला नाही, तो कधीच रागावत नाही — म्हणाला, बाबा, तुमच्याही खोलीला एक बसवून घ्या, तुमच्याइतकं पक्कं दुसरं कोण बसवणार? खरंच आहे ते. हां, ही चालेल. स्क्रू दोन इंचीच द्या.

थांबा जरा. शेजारची शिंपीण — तिची पायाची शिलाई मशीन हिच्या खोलीच्या भिंतीलाच लागून — त्या दिवसापासून बोलत नव्हती माझ्याशी. आज निघताना म्हटलं तिला, कडी आणायला चाललोय माझ्या दाराला, मेन्ट टू बी. तिनं मशीन थांबवली. खाली बघूनच म्हणाली, "ती दुपारभर दार वाजवत होती, काका, आणि मी शिवतच राहिले. या वेळी स्क्रू आखूड घ्या."