भुजंगाची हायड्रॉलिक ट्रॉली आन् चाळीस मेंढरं

कुणाची बी शप्पथ घालायला लावा, शब्द न् शब्द खरा हाय, मी सोता बांधावर उभा होतो... म्हंजे उभा न्हवतो, पिंगळीला सोयऱ्याकडं होतो, पण तुमाला सांगतो, हायड्रॉलिकची ट्रॉली घेतल्यापास्नं आमच्या भुजंगाच्या डोक्यात जी हवा गेली ती गेलीच! हाटेलात बसला की सुरू, "पंप तेल ढकलतो, तेल नळीतनं सिलेंडरात जातं, तेल दबत न्हाई, म्हणून दांडा वर सरकतो आन् ट्रॉली उचलती! जेसीबीची बी हीच खुबी, कळलं का अडाण्याहो?" सांगणार कोण? दहावीला तीनदा बसलेला!

तर येडबा धनगराची मेंढरं दोन रात्री रानात बसली की लेंडीखतानं जमीन कशी फुलून येती, हे काय सांगावं? भुजंगाला बी हवी, शेजारच्या महारुद्राला बी हवी. येडबाची बायकू कासाबाई म्हणाली, "मेंढरं थकल्यात. जो गाडीनं नेईल, त्याच्याकडं बसवू."

झालं! भुजंगानं ताडकळसहून चाळीसच्या चाळीस मेंढरं ट्रॉलीत भरून आणली. कासाबाई म्हणती, "मागचा फाळका उघडा दादा, एकेक उतरवू."

"एकेक? अगं मावशे, हायड्रॉलिक हाय! सोयाबीनवानी ओततो!"

आन् ओढला लिव्हर. ट्रॉली लागली उठायला... पण मेंढरू म्हंजे सोयाबीन हाय का हो? समदी चढाकडं पळाली, पुढच्या फळीला, एकावर एक, नेमकी सिलेंडरच्या डोक्यावर! पंप कण्हायलाय, येडबा वरडायलाय, "भुजंगा, खाली घे!" ह्याचं आपलं, "तेल दबत न्हाई!"

न्हाईच दबलं... नळी फुटली! चिळकांडी ह्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर, ट्रॉली धाडकन खाली, आन् मेंढरं फळीवरनं टणाटणा उड्या हाणत, बांध वलांडून, थेट महारुद्राच्या रानात! एकाला खरचटलं न्हाई. येडबानं तिथंच मेंढरांभवती जाळी ठोकली, "आता पुन्यांदा कोण हलवतंय?"

कासाबाई बांधावरनं म्हणती, "दादा, तिकडं लेंड्या पडायल्यात आन् तुमच्या रानात निस्तं तेल!" महारुद्र तर पोट धरून हसला...

...न्हाई. खरं सांगू? एवढंच खोटं हाय. महारुद्र हसला न्हाई. त्यानं आपला ट्रॅक्टर आणला, ट्रॉली गुमान घरापोतर ओढून दिली, वर म्हणतो, "नवी नळी मीच आणतो परभणीहून, तुमी कशाला तरास घेता?"

हसला असता तर भुजंगाला भांडता तरी आलं असतं हो! आता जाता-येता रामराम घालायची पाळी... रोज!