उशीवर न बसणाऱ्या कोंबड्या

चहा ऱ्हाऊ दे, आधी आमच्या भाडेकरूचं ऐका. कोकणातला पोरगा, मागच्या खोलीत बसून कंप्युटरवर काम करतो. गावरान अंडी पायजेत म्हनून माझ्याकडनं चार कोंबड्या घेतल्या.

आठ दिवसांनी दारात हजर. "काकू, एकपण अंडं नाही. म्हाताऱ्या कोंबड्या दिल्यात तुम्ही. बदलून द्या."

म्हाताऱ्या! माझ्या हातच्या कोंबड्या! तडक त्याच्या खोलीकडं गेले. दाराशी अंडी घालायचं खोकं, त्यात उशी आणि वर धुतलेला टॉवेल.

"हे काय रं?"

"मऊ पाहिजे ना त्यांना."

"अरं, कोंबडीला उकरून खळगा करायचा असतो. टॉवेलात काय उकरंल ती? भाताचा कोरडा पेंढा घाल, घाण झाला की बदलत जा."

"काकू, मी नेटवर बघितलंय."

"कोंबड्यांनी बघितलंय का?"

तेवढ्यात आतनं कोंबडी वरडली. अंडं घातल्यावर वरडती ना, तश्शी. मी आत शिरून खाली वाकले. पलंगाखाली त्याच्या आईनं पेंढा घालून धाडलेली आंब्यांची पेटी, पिकायला ठेवलेली. वर माझी तांबडी ऐटीत बसलेली. तिला उचललं, तर आंबे बाजूला सारून खळगा केलेला आणि खळग्यात अकरा अंडी!



मी म्हनलं, "कोंबड्या काय बदलून मिळायच्या न्हाईत. आणि पेंढा कसा घालायचा ते मला इचारू नगंस. आईला फोन लाव, तिला लई झ्याक जमतंय."